संशोधनपद्धती (नंदुरबार जिल्हा)

माहिती कशी जमवावी, कशी पारखावी आणि तिच्या आधारे किती म्हणावे, हे ठरवणाऱ्या रीतींना संशोधनपद्धती म्हणतात. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात तिचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण पुरातत्त्वाचे आहे.

उत्खनन : शहादे तालुक्यातील प्रकाशे येथे, तापी-गोमाई संगमावरील पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या मातीच्या) टेकाडात, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी 1954-55 मध्ये खोदकाम केले. थापर हे पुरातत्त्वज्ञ व्हीलर यांच्या तक्षशिला येथील प्रशिक्षणवर्गात तयार झालेले. तेथील शिकवणीत वस्तूपेक्षा थराला मान. मातीचा रंग किंवा पोत बदलला की नवा थर धरायचा आणि खापर धुऊन वाळले की त्यावर थराचा क्रमांक शाईने घालायचा. क्रमांक नसलेले देखणे भांडे कपाटात शोभते, पुराव्यात धरता येत नाही. या शिस्तीमुळे ताम्रपाषाणयुगापासूनचे चार कालखंड वेगळे करता आले. पहिल्या कालखंडाच्या खालच्या थरांत माळवा पद्धतीची खापरे मिळाली. जोर्वे पद्धतीची खापरे वरच्या थरांतच दिसू लागली. कोणती आधीची, हा प्रश्न तर्काने नव्हे, थरांनी सुटला. पहिल्या दोन कालखंडांमध्ये वस्तीत पडलेल्या खंडाबद्दल मात्र सावधपणे बोलणे बरे. अहवाल ‘एन्शंट इंडिया’च्या 20-21 या जोडअंकात आहे.

भाषा : भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणात (खंड 9, भाग 3, 1907) मावची व पावरी या येथील बोलींची नोंद आहे. उधळ्या पुत्राची एकच बायबलकथा बोलीबोलीत उतरवून घेण्याची ही रीत तुलनेला सोयीची. सहज बोलणे मात्र तिच्यातून निसटते.

अध्यापन : जिल्ह्यातील बहुतेक महाविद्यालये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहेत; त्यामुळे तेथे या विषयाचे अध्यापन विद्यापीठाच्या अभ्यासक्रमानुसार चालते.

घरोघर पाहणी : 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 16,48,295, सुमारे 69 टक्के अनुसूचित जमाती. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत गाव म्हणजे डोंगरभर विखुरलेले पाडे. गावांच्या यादीवरून नमुना निवडला तर सडकेलगतचा पाडाच पदरात पडतो. शिवाय दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. दाराला कुलूप दिसले म्हणून घर वगळले, तर नेमके गरीबच गळतात. होळीला बरीच माणसे परततात. पाहणीच्या तारखा ही ये-जा पाहून ठरवाव्यात.