मंत्रचळ, सोवळे आणि काटेकोरपणा

मोहर्लीच्या मुक्कामात, ताडोब्याच्या दाराशी बसूनही, आम्हा मराठीच्या मास्तरांच्या गप्पा शेवटी पुस्तकांवरच आल्या. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कडेला कड जुळवून ठेवणारे आमचे एक सहकारी हसत म्हणाले, "आम्हाला जरा ओसीडीच आहे!" सारे हसले. आम्हाला मात्र एक जुनी विद्यार्थिनी आठवली. परीक्षेत ती एकच पान पुनःपुन्हा खोडून लिही. वेळ संपे तेव्हा उरलेली पाने कोरीच असत. वर्षभर आम्ही तिला 'काटेकोर' म्हणून वाखाणले. आमचा शब्द चुकला होता.

वस्तुतः मराठीजवळ नेमका शब्द होता: मंत्रचळ. मंत्राच्या अनुष्ठानात चूक झाल्याने लागणारे वेड, हा त्याचा मूळ अर्थ. निर्दोषतेचा हट्ट आणि चुकीचे भय या शब्दात एकत्र नांदतात. पुढे मराठी मनोविकारतज्ज्ञांनी ओसीडीसाठी तोच स्वीकारला.

आणि मराठीजवळ एक दस्तऐवजही आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभीच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे येते. सासऱ्यांना, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, 1857 च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या सोवळ्याला धरबंध उरला नाही आणि साऱ्या घराला त्याचा जाच झाला. हे सारे लक्ष्मीबाई विनोदाने सांगतात. आम्ही वर्गात तो भाग 'कर्मठपणाचे चित्रण' म्हणून शिकवून मोकळे होतो. पण सोवळे तर त्या काळी घरोघर होते. मग हेच घर निराळे का?

येथे मनोविकारशास्त्राचा इतिहास उपयोगी पडतो. 1903 मध्ये पिएर जाने यांनी अपुरेपणाच्या छळणाऱ्या जाणिवेचा विचार केला. फ्रॉइड यांनी 1907 मध्ये मनोरुग्णाच्या कृती आणि धार्मिक विधी यांतील साम्य दाखवले, तर 1908 मध्ये नीटनेटका, काटकसरी, हटवादी असा स्वभाव रेखाटला. एक व्याधी, दुसरा स्वभाव. 1980 साली अमेरिकी मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणाने या दोहोंना वेगवेगळ्या सदरांत घातले. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत मंत्रचळाला चिंताविकारांतून काढून स्वतंत्र प्रकरण मिळाले.

भेद असा. मंत्रचळात नको असलेला विचार मनात घुसतो, आणि तो शमवण्यासाठी धुणे, मोजणे, तपासणे सुरू होते. पुष्कळदा रुग्णाला स्वतःलाच ते निरर्थक वाटते. काटेकोर व्यक्तिमत्त्वविकारात मात्र माणसाला आपलीच रीत योग्य वाटते. त्रास भोवतालच्यांना होतो, आणि ही घडण तारुण्यापासूनची असते. परिपूर्णतेचा हट्ट इतरत्रही दिसतो: उपासमारीपर्यंत नेणाऱ्या आहारविकारात वजनाच्या भयाने, सामाजिक भयगंडात लोक काय म्हणतील या धास्तीने, नैराश्यात आपण नालायक आहोत या समजुतीने. बाहेरून कृती सारखी दिसते. म्हणून भय कशाचे, हे विचारावे लागते.

या कसोट्या 'स्मृतिचित्रे'ला लावल्या तर? धक्क्यानंतर सोवळे वाढले, ही गोष्ट व्याधीकडे बोट दाखवते. सारे घर आपल्या नियमांत बसवण्याचा आग्रह स्वभावाकडे. एका मुलीच्या आठवणींवरून निदान करणे हा आमचा अधिकार नव्हे. परंतु त्या हसऱ्या गद्याच्या तळाशी एका माणसाची भीती आहे, एवढे तरी वर्गात सांगितले पाहिजे.

हा भेद नुसता शब्दांचा नाही. 1966 मध्ये व्हिक्टर मेयर यांनी मंत्रचळाच्या रुग्णांना भीतीला सामोरे नेऊन त्यांच्या कृती रोखण्याचा उपचार मांडला, आणि असाध्य मानलेली व्याधी आटोक्यात येऊ शकते असे दिसले. पण उपचारापर्यंत पोहोचण्यासाठी आधी कुणीतरी ती ओळखावी लागते. ते पान खोडले जात असताना वर्गात आम्हीच उभे होतो.