इमान, लळा आणि लांगूलचालन

पाळलेला कुत्रा ‘आपल्याशी मोकळा होत नाही’ ही तक्रार अलीकडे शहरी घरांतून वारंवार ऐकू येते. तो दाराशी धावत येत नाही, पायाशी घोटाळत नाही. हाक मारली तर मान वळवून पाहतो आणि पुन्हा आपल्या जागी डोके टेकवतो. खाणे, फिरणे, औषधपाणी सारे वेळेवर होते. तरी माया म्हणून काही दिसत नाही. अशी तक्रार करणारा माणूस खरोखरच दुखावलेला असतो. पुढे त्यातूनच कधी कुत्र्यावर हात उगारणे, कधी त्याला कोणाला तरी देऊन टाकणे, तर कधी सरळ रस्त्यावर सोडणे, असे प्रकार घडतात. विषय वरवर घरगुती दिसला तरी त्याचा परिणाम एका मुक्या जिवाला भोगावा लागतो. प्राणिवैद्यांचे काम आम्हां साहित्याच्या शिक्षकांना करता येणार नाही. मात्र कुत्र्याच्या वागण्याचा अर्थ माणसाने कसकसा लावला, याला एक दीर्घ इतिहास आहे आणि त्यातला बराचसा भाग वाङ्मयाचा आहे. त्याकडे पाहिले म्हणजे या तक्रारीतला दुरावा नेमका कोठे आहे, हे थोडे स्पष्ट होते.

सुरुवात भाषेपासूनच करू. कुत्र्याच्या संदर्भात मराठीत तीन शब्द हाताशी येतात. पहिला ‘इमान’. तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मूळ अर्थ श्रद्धेचा. मराठीत तो निष्ठेचा, खाल्ल्या अन्नाला जागण्याचा झाला. दुसरा ‘लळा’. तो ज्याचा-त्याला सहवासाने लागतो. लहान मुलाला लागतो, वासराला लागतो, आणि तो लावावा लागतो. तिसरा शब्द ‘लांगूलचालन’. शब्दशः पाहिले तर शेपूट हलवणे, एवढाच त्याचा अर्थ. पण मराठीत हा शब्द निंदेशिवाय येत नाही. भर्तृहरीच्या नीतिशतकात अन्न देणाऱ्यापुढे शेपूट हलवणारा, पायाशी लोळण घेणारा कुत्रा एकीकडे आणि मनधरणी केल्यावरच घास घेणारा धीरगंभीर हत्ती दुसरीकडे, असे चित्र आहे. त्यातला गौरव अर्थातच हत्तीचा आहे. गंमत अशी, की माणसात जे लांगूलचालन आपल्याला तिरस्करणीय वाटते, तेच कुत्र्याकडून मिळाले नाही तर आपण त्याला मायाहीन ठरवतो. हत्तीच्या ज्या संयमाला आपण थोरवी म्हणतो, तोच कुत्र्यात दिसला की त्याचे नाव दुरावा होते. इमान, लळा आणि लांगूलचालन या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, याचा विसर पडला की घोटाळ्याला सुरुवात होते.

महाभारताच्या आरंभी आणि शेवटाजवळ एकेक कुत्रा येतो. आदिपर्वात जनमेजयाचे सत्र चालू असताना सरमा या देवशुनीचे पिल्लू तेथे येते आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. पिल्लू रडत आईकडे जाते. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते. त्याकडे पाहिलेलेही नसते. सरमा येऊन जाब विचारते, निरपराधाला का मारलेत? तिला उत्तर मिळत नाही, आणि ती शाप देते की तुमच्यावर अकल्पित भय येईल. कुत्रा यज्ञापाशी आला म्हणजे तो विटाळणारच, हे मारणाऱ्यांनी आधीच धरून चालले होते. समोरच्या पिल्लाने काय केले, हे कोणी पाहिलेच नाही.

महाप्रस्थानिकपर्वातला कुत्रा याहून परिचित आहे. पांडव आणि द्रौपदी हस्तिनापुराहून निघतात तेव्हा एक कुत्रा त्यांच्या मागोमाग निघतो. वाटेत द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम एकामागून एक कोसळतात. कुत्रा चालत राहतो. स्वर्गाच्या दाराशी इंद्र त्याला सोडून द्यायला सांगतो आणि युधिष्ठिर नकार देतो. तो कुत्रा म्हणजे धर्म होता, हा उलगडा सर्वांच्या लक्षात राहतो. आम्हांला येथे दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. या साऱ्या प्रवासात त्या कुत्र्याने शेपूट हलवली, युधिष्ठिराचे पाय चाटले, असे काही वर्णन नाही. त्याच्याबद्दल सांगितलेले आहे ते एवढेच, की तो मागून चालत होता. एवढ्यावरून युधिष्ठिर त्याला भक्त म्हणतो आणि भक्ताचा त्याग करणार नाही असे सांगतो. आपल्या परंपरेतला सर्वांत थोर श्वान हा असा अबोल आहे.

ग्रीकांच्या ‘ओडिसी’त सतराव्या सर्गात आर्गोस भेटतो. वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात परतलेल्या धन्याला तो ओळखतो. तो उकिरड्यावर पडलेला आहे, म्हातारा झाला आहे. तो शेपूट हलवतो, कान पाडतो, पण जवळ येण्याचे त्राण त्याच्यात नाही. आणि ओडिसियस? ओळख उघड होऊ नये म्हणून तोही थांबत नाही. सोबत्याच्या नकळत डोळे पुसतो आणि पुढे जातो. ते दृश्य एखाद्या तिऱ्हाइताने पाहिले असते, तर हे दोघे एकमेकांना परके आहेत असेच त्याला वाटले असते. जवळ न येण्याला कारण असू शकते आणि ते कारण पाहणाऱ्याला दिसेलच असे नाही, हे होमरने जाणले होते.

पुढच्या काळात मात्र ‘इमानी कुत्रा’ हा एक ठरीव नमुना झाला आणि त्याची परीक्षा अधिकाधिक कठोर होत गेली. रायगडावर 1936 साली उभारलेले वाघ्याचे स्मारक आपल्याला ठाऊक आहे. धन्याच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याची ती कथा. तिला समकालीन साधनांत आधार नाही, हा आक्षेप जुना आहे. त्यावरून 2012 साली तेथील पुतळा हलवला गेला व पुन्हा बसवला गेला, आणि 2025 मध्ये हा वाद पुन्हा उफाळला. त्याचा निवाडा इतिहाससंशोधकांनी करावा. आमचा मुद्दा कथेच्या घडणीपुरता आहे. इमान सिद्ध करण्यासाठी कुत्र्याने आगीत उडी घ्यावी, इतकी आपली अपेक्षा चढलेली असेल, तर ओसरीवर स्वस्थ पडून राहणारा कुत्रा तिला कसा पुरा पडणार?

जपानमधल्या हाचिकोची हकीकत याबाबतीत अधिक बोलकी आहे, कारण तिचे तपशील नोंदलेले आहेत. अकिता जातीचा हा कुत्रा 1923 साली जन्मला. टोकियोच्या विद्यापीठात शेतीशास्त्र शिकवणारे प्राध्यापक उएनो हे त्याचे धनी. मे 1925 मध्ये उएनोंचे अचानक निधन झाले. त्यानंतर मार्च 1935 मध्ये मरेपर्यंत हाचिको शिबुया स्थानकावर येत राहिला. आरंभीची काही वर्षे तो स्थानकावरच्या लोकांना अडगळ वाटे. त्याला हुसकावले जाई. 1932 साली वर्तमानपत्रात त्याच्यावर मजकूर आला आणि त्याच कुत्र्याचे त्याच जागी बसणे एकाएकी उदात्त झाले. 1934 मध्ये, तो जिवंत असतानाच, त्याचा पुतळा उभा राहिला. मरणानंतर त्याच्या पोटात भाजलेल्या मांसाच्या काड्या सापडल्या. तेव्हा तो खाण्यासाठीच येत असे, असे म्हणणारेही निघाले. उपद्रवी, निष्ठावंत, खादाड अशी तीन वाचने झाली. कुत्र्याच्या वागण्यात मात्र फारसा फरक पडलेला नव्हता.

विज्ञानानेही अशीच वळणे घेतली. सतराव्या शतकात देकार्तच्या विचारातून प्राणी म्हणजे यंत्र ही कल्पना रूढ झाली. 1872 साली डार्विनने भावनांच्या आविष्कारावरील ग्रंथात कुत्र्याच्या रागाची आणि मायेची चित्रे शेजारी शेजारी देऊन त्याच्या अंतरंगाला पुन्हा मान्यता दिली. 1894 मध्ये लॉइड मॉर्गनने बजावले, की साध्या कारणाने उलगडा होत असेल तर प्राण्याच्या वागण्यामागे उच्च मनोव्यापार कल्पू नयेत. पुढची काही दशके प्रयोगशाळेतील कुत्रा प्रामुख्याने प्रतिक्षिप्त क्रियांच्या भाषेत वाचला गेला. पण पावलोव्हच्याच प्रयोगशाळेत 1924 साली एक निराळी गोष्ट घडली. लेनिनग्राडला मोठा पूर आला, पिंजऱ्यांतले कुत्रे बुडता बुडता वाचले. त्यानंतर त्यांतल्या काहींचे शिकलेले प्रतिसाद नाहीसे झाले. एका कुत्र्याचे ते हळूहळू परतले. पण दाराखालून पाण्याची धार आत सोडताच तो पुन्हा ढासळला. भीतीने कुत्र्याचे सारे वागणे बदलते आणि ती भीती बाहेरून न दिसता आत टिकून राहते, हे त्यातून पुढे आले.

यानंतरच्या संशोधनाने आपल्या विषयावर थेट प्रकाश टाकला. 1961 साली अमेरिकेत फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी कुंपणाच्या मैदानात माणसापासून दूर वाढवलेल्या पिल्लांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना 14 आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास मिळाला नाही, ती जवळजवळ रानटीच राहिली. स्कॉट आणि फुलर यांच्या 1965 च्या ग्रंथाने साधारण 3 ते 12 आठवडे हा लळा लागण्याचा निर्णायक काळ असल्याचे मांडले. म्हणजे आपल्या घरी आलेल्या कुत्र्याच्या मनाची एक महत्त्वाची घडण आपण त्याला पाहण्याआधीच झालेली असू शकते. भारतात 2017 च्या नियमांनी 8 आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाच्या विक्रीला मनाई केली आहे. ते आठवडे कोठे, कोणाच्या हाताखाली गेले, हे मात्र विकत घेणारे क्वचितच विचारतात.

1967 साली सेलिगमन आणि मायर यांनी दाखवले, की ज्यांना विजेचे झटके टाळण्याचा काहीच मार्ग दिला नव्हता असे बरेचसे कुत्रे, पुढे मार्ग मोकळा असतानाही, निमूट पडून राहत. निमूटपणा हा नेहमीच शांतपणा नसतो. कधी तो हरलेपणा असतो. मारून ‘सरळ’ केलेल्या कुत्र्याच्या अलिप्तपणाचा अर्थ लावताना हे विसरता येत नाही.

याउलट, 1998 मध्ये बुडापेस्टला तोपाल, मिक्लोशी आणि सहकाऱ्यांनी आई व मूल यांच्या नात्याच्या अभ्यासासाठी मेरी एन्सवर्थने रचलेली कसोटी कुत्रा व धनी यांच्या 51 जोड्यांवर वापरली. अनोळखी खोलीत धनी सोबत असताना कुत्रे अधिक खेळले, अधिक हिंडले. धनी जवळ आहे म्हणून कुत्रा त्याला सोडून खोलीच्या टोकापर्यंत जाऊ शकतो. असे दूर जाणे हे विश्वासाचे लक्षण ठरू शकते, हे ‘चिकटून राहणे म्हणजे प्रेम’ मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. 2009 साली अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी कुत्र्याच्या चेहऱ्यावरच्या तथाकथित अपराधीपणाचा अभ्यास केला. तो भाव धन्याच्या रागावण्याबरोबर येत होता. कुत्र्याने खरोखर काही केले होते की नाही, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. सरमेच्या पिल्लाची कथा प्रयोगशाळेत पुन्हा घडावी, तसेच हे आहे.

जातीवरून स्वभाव ठरवण्याची सवयही तपासून घ्यायला हवी. अकिता मितभाषी, मराठवाड्यातला कारवानी परक्याला हात लावू न देणारा, अशी कीर्ती आहे. धन्यापासून दूर धावत शिकार पकडण्यासाठी जोपासलेल्या कारवानीकडून मांडीवर लोळण्याची अपेक्षा करणे चमत्कारिकच. तरीही 2022 मध्ये 18 हजारांहून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासातून निघाले ते असे, की एकेका कुत्र्याच्या वागण्यातील फरकांपैकी जेमतेम 9 टक्के जातीमुळे स्पष्ट होतो. म्हणजे ‘त्याची जातच तशी’ म्हणून मोकळे होता येत नाही. माणसांच्या बाबतीत या वाक्याने काय केले आहे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

या इतिहासातून काही गोष्टी हाती लागतात. आजवर मोकळा असलेला कुत्रा अचानक दूर राहू लागला, तर आधी प्राणिवैद्य गाठावा. दुखणे, ऐकू न येणे, म्हातारपण यांना प्राण्याकडे शब्द नसतात. तो पहिल्यापासूनच दूर असेल, तर त्याचे मागचे दिवस कसे गेले असतील याचा विचार करावा आणि जवळ येण्याचा वेग त्याच्यावर सोडावा. आणि तो दूर बसूनही आपण या खोलीतून त्या खोलीत गेलो की थोड्या वेळाने उठून तेथे येऊन पडत असेल, तर त्या येण्याकडे लक्ष द्यावे.

आम्ही वर्गात शिकवतो तेव्हा एखादी कविता पहिल्या वाचनात काहीच देत नाही, अशी तक्रार विद्यार्थी करतात. तिच्याकडे परिचित साच्यातून न पाहता ती जे करते आहे ते पाहा, असे आम्ही त्यांना सांगतो. शेवटच्या बाकावर गप्प बसणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल हीच सूचना आम्हां शिक्षकांनाही लागू पडते. कुत्र्याला तर आपल्यावाचून दुसरा आसराही नसतो. जो आपल्या हातून खातो, आपण उघडू त्याच दाराने बाहेर जातो, त्याच्याकडून रोज प्रेमाचा पुरावा मागणे फारसे न्यायाचे नाही. युधिष्ठिराने तो मागितला नव्हता. कुत्रा मागून चालत होता, तेवढे त्याला पुरे झाले.