ओळखीचं दार

'ग्लेनगॅरी ग्लेन रॉस' (1992) या जेम्स फोलीच्या चित्रपटात गिऱ्हाइकांची नावं-पत्ते लिहिलेली कार्डं मॅनेजर कुलपात ठेवतो. त्यांच्यासाठी जॅक लेमनने रंगवलेला म्हातारा विक्रेता आधी गयावया करतो, मग चोरीपर्यंत जातो. महिन्याच्या स्पर्धेत पहिल्याला कॅडिलॅक, दुसऱ्याला सुऱ्यांचा संच, बाकीच्यांना नारळ. विकायची असते दूरच्या फ्लोरिडा-अ‍ॅरिझोनातली जमीन. मूळ नाटक डेव्हिड मॅमेटचं. तरुणपणी तो शिकागोतल्या अशाच एका कचेरीत नोकरीला होता.

आमच्या वरळी कोळीवाड्यात अशी कार्डं कुणाला लागलीच नसती. गल्लीतल्या एका एजंटने (कंपनीचं नाव इथे नको) यादी केली ती घरातूनच: मावशी, व्याही, बोटीवरचे खलाशी, बाजारात शेजारी बसणाऱ्या कोळणी. हातात रोजची रोकड, आणि पावसाळ्यात मासेमारी बंद म्हणून चार पैसे बाजूला टाकायची सवय.

दारावर येऊन पैसे नेणारा माणूसही नवा नव्हता. 1928 साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने पिग्मी ठेव सुरू केली, रोज दोन आण्यांपासून. पुढे ती पद्धत आपल्याकडच्या पतसंस्थांनी उचलली. चोपडीतला आकडा आणि ओळखीचा चेहरा, एवढ्यावर माणसं निर्धास्त असत. नव्वदीत सागवानाच्या आणि जमिनीच्या योजना आल्या त्या याच उघड्या दारातून. सेबीने सामूहिक गुंतवणुकीचे नियम केले 1999 मध्ये. तरी शेतजमिनीच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्या पीएसीएलला 49,100 कोटी परत करण्याचा आदेश निघायला 22 ऑगस्ट 2014 उजाडला. गुंतवणूकदार सुमारे 5.85 कोटी! सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये जमिनी विकून परतफेड करण्यासाठी न्या. लोढा यांची समिती नेमली.

एजंटांचं काय, हे या आकड्यांत येत नाही. आमच्या एजंटची कंपनी यापेक्षा कितीतरी लहान. कमिशन आणि वरची पायरी टिकवायची म्हणून मावशीचे थकलेले हप्ते तो स्वतःच्या खिशातून भरायचा, बायकोची पाटली गहाण ठेवून. म्हणजे गिऱ्हाईकही तोच झाला. मॅमेटच्या विक्रेत्यांना गिऱ्हाईक पुन्हा दिसलं नाही तरी चालतं. त्यांचा धंदाच तसा. इथे कंपनीचं ऑफिस एका रात्रीत बंद झालं आणि एजंट गल्लीतच राहिला.

मावशीने पैसे कधी मागितले नाहीत. तिच्या दारावरून जावं लागू नये म्हणून तो अजून किल्ल्याकडून वळसा घालून घरी येतो.