मचव्यावरचा सरंजाम
कोकणातील मासेमारीचा इतिहास बहुधा माशांच्या आणि जाळ्यांच्या अंगाने लिहिला जातो. परंतु बंदर सोडण्यापूर्वी मचव्यात, म्हणजे शिडाच्या मध्यम आकाराच्या होडीत, कोणते सामान भरले जात असे याकडे लक्ष दिले, तर किनारा आणि त्याच्या पाठीमागचा मुलूख यांचे नाते अधिक स्पष्ट दिसते. यंत्रे येण्यापूर्वी या सामानातील बहुतेक वस्तू सह्याद्रीच्या उतारावरचे जंगल, नारळीच्या वाड्या, मिठागरे आणि कुंभारवाडे यांतून येत असत, आणि होडी किती दूर जाऊ शकेल हे तांडेलाच्या, म्हणजे नौकाप्रमुखाच्या, धाडसाइतकेच या पुरवठ्यावरही ठरत असे.

सर्वांत जास्त निगा जाळ्याला लागे. सातपाटी, अर्नाळा, वसई, वर्सोवा या पट्ट्यात प्रामुख्याने डोल वापरली जाते. ही शंकूच्या आकाराची लांब पिशवी समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशी धरली जाते आणि भरती-ओहोटीच्या ओढीनेच बोंबील व जवळा तिच्यात भरतो. पूर्वी ती ताग किंवा सुताची असे, आणि असे धागे खाऱ्या पाण्यात लवकर कुजत असल्याने ऐनाच्या सालीचा काढा उकळून त्यात जाळी भिजवावी लागत. सालीतील तुरट द्रव्य धाग्यात मुरून त्याला तांबूस काळपट रंग आणि टिकाऊपणा देई, पण पाण्यात ते हळूहळू निघून जात असल्याने ही प्रक्रिया हंगामात पुनःपुन्हा करावी लागे. दोर काथ्याचे असत, कारण खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवलेल्या सोडणांपासून निघणारा हा धागा समुद्राच्या पाण्याला इतर धाग्यांपेक्षा चांगला टिकतो.

नांगराचा इतिहास याहून जुना आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना विजयदुर्गच्या पाण्यात दगडी नांगर मिळाले आहेत. या किनाऱ्यावर आढळणाऱ्या अशा नांगरांच्या एका प्रकाराला अभ्यासक भारतीय-अरबी म्हणतात: लांब, वर निमुळता होत गेलेला घडीव दगड, माथ्याजवळ दोरासाठी गोल भोक, आणि खालच्या बाजूस एकमेकांशी काटकोनात कोरलेली दोन चौकोनी भोके, ज्यांत वाळूत रुतणारे लाकडी दांडे बसवीत. एवढे जड नांगर मोठ्या व्यापारी तारवांचे मानणे योग्य ठरेल. लहान होड्यांना लाकडी आकड्यांच्या सांगाड्यात बांधलेला साधा दगडही पुरत असे.

होडीच्या अंगाला लागणारे सामानही बरोबर ठेवावे लागे. फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ ठासली जाई, तळाला चुना व चरबी किंवा तेल यांचा लेप दिला जाई, आणि वरच्या लाकडावर मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, यकृताचे तेल चोपडले जाई. लाकूड आतून पोखरणाऱ्या सागरी किड्यापासून बचाव करण्याचा याहून चांगला उपाय त्या काळी हाताशी नव्हता. दिव्यासाठी उंडीचे तेल, पिण्याच्या पाण्यासाठी पिंप किंवा माठ, आणि माती-वाळूच्या थरावर मांडलेली चूल एवढ्यावर खलाशांचा संसार चाले.

मिठाचा प्रश्न मात्र राजकीय होता. दूरचा मासा टिकवायचा तर मीठ हवे, आणि 1882 मध्ये इंग्रज सरकारने मिठावर मणाला 2 रुपये कर ठेवला असताना स्वस्त माशासाठी ते वापरणे परवडत नसे. म्हणूनच रत्नागिरीकडे सरकारी देखरेखीखाली मासे खारवण्याची आवारे उघडून तेथे सवलतीचे मीठ देण्यात आले. उत्तरेकडे बोंबील मिठाशिवाय वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, उन्हात सुकवला जाई.

1950 नंतरच्या दोन-तीन दशकांत हे सारे पालटले. सरकारी कर्जे आणि सहकारी संस्था यांच्या आधाराने डिझेल इंजिने आली, पाठोपाठ नायलॉनचे जाळे आणि बर्फ आला. नायलॉन कुजत नसल्यामुळे ऐनाच्या सालीची गरज संपली. बर्फामुळे होडी कित्येक दिवस समुद्रात राहू लागली. स्त्री-पुरुषांच्या श्रमांची यात मोठी बचत झाली, हे नि:संशय. पण डिझेल, बर्फ आणि जाळे या तिन्हींसाठी रोख पैसा लागू लागल्याने रिकाम्या हाताने परतणे नाखव्याला, म्हणजे नौकामालकाला, पूर्वीपेक्षा कितीतरी महाग पडू लागले.

वादळाची सूचना पूर्वी बंदरावर चढवलेल्या बावट्यावरून मिळे, आणि आधीच समुद्रात असलेल्या होडीला तिचा उपयोग नसे. ही उणीव भरून काढण्यास फार वेळ लागला. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवरील हल्ल्यासाठी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवली गेल्यानंतर नोंदणी, ओळखपत्रे आणि नौकांचे ठरावीक रंग यांवर भर आला, तो किनाऱ्याच्या सुरक्षेसाठी. खलाशाच्या जिवाचा विचार 2017 च्या ओखी चक्रीवादळानंतर पुढे आला. त्यानंतर वाटण्यात आलेल्या ‘नाविक’ उपग्रहप्रणालीच्या यंत्रावर इशारा येई, पण नौकेवरून उत्तर पाठवता येत नसे. दोन्ही बाजूंनी संदेश देणारे ट्रान्सपाँडर देशभर बसवण्याची योजना 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे सुरू झाली.