हिरो कोणत्या बोलीत प्रेम करतो?

मागच्या पोस्टनंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: टॉपिक तर सापडलाय, पण त्यात मोजायचं नेमकं काय? सिनॉप्सिस लिहिताना मीही इथेच सहा महिने अडकले होते, म्हणून आज माझ्याच विषयावरून सांगते.

माझं एम.एस्सी. प्राणिशास्त्रातलं. प्रोजेक्टसाठी दोन हिवाळे आमच्या बोदलकसा तलावावर पाणपक्षी मोजले. पहाटेचं धुकं, हातात दुर्बीण, वहीत रकाने. तिथे शिकलेली पहिली गोष्ट अशी की ‘दिसला नाही’ आणि ‘नाही’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पक्षी गवतात असेल, पलीकडच्या काठाला असेल, किंवा तुम्ही चुकीच्या वेळी गेला असाल. पीएच.डी.ला मी विषय बदलला आणि लोकप्रिय प्रेमपटांमधल्या प्रतिनिधित्वाकडे आले, पण ही सवय सोबत आली. तिचा उपयोग कुठे झाला ते पुढे येईलच.

या विषयावर वाचायला बसलात की पहिल्यांदा हाती लागतो तो हॉलिवूडच्या हलक्याफुलक्या प्रेमपटांतला आशियाई माणूस. त्यात १९६१ हे एकच साल घ्या. त्या वर्षी ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ आला. त्यातला जपानी शेजारी मिस्टर युनिओशी साकारला मिकी रूनी या गोऱ्या नटाने, नकली दात लावून, पडून-धडपडून हसवत. त्याच वर्षी ‘फ्लॉवर ड्रम साँग’ही आला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी वस्तीची संगीतमय प्रेमकथा, जवळजवळ सगळे नट आशियाई, आणि प्रेमात पडणारेही तेच. म्हणजे आशियाई प्रेमिक दाखवणं त्या काळात कुणाला सुचतच नव्हतं, हे खरं नाही. पण पहिला सिनेमा अजूनही घराघरात पाहिला जातो आणि दुसरा अभ्यासकांपुरता उरला.

त्याआधीचा काळ आणखी कठीण. १९३४ पासून कडकपणे राबवल्या गेलेल्या हेज कोडमध्ये वेगळ्या वंशांतल्या प्रेमसंबंधांना मनाई होती. कलम गोऱ्या-काळ्यांबद्दलचं, पण स्टुडिओंनी त्याची धास्ती आशियाई नटांच्या बाबतीतही घेतली. ‘द गुड अर्थ’ (१९३७) मध्ये चिनी शेतकरी झाला पॉल म्युनी, म्हणून त्याची बायकोही गोरीच हवी. ती भूमिका लुइझ रायनरला गेली आणि ॲना मे वाँग ही त्या काळची सर्वांत मोठी चिनी-अमेरिकन तारका बाहेर राहिली.

आता मोजण्याचा प्रश्न. माझ्या पहिल्या आराखड्यात एकच रकाना होता: अमुक समाजाचं पात्र आहे की नाही. या रकान्यात ‘सिक्स्टीन कँडल्स’ (१९८४) पास होतो. त्यात लाँग डक डाँग नावाचा आशियाई विद्यार्थी आहे, नटही आशियाई वंशाचाच, बोलतो, नाचतो, त्याला एक मैत्रीणसुद्धा मिळते. फक्त तो पडद्यावर आला की घंटा वाजते आणि त्याचं प्रेम हाच विनोद असतो. मग मी रकाने वाढवले. पात्र स्वतःच्या भाषेत बोलतं का? त्याच्यावर कुणी प्रेम करतं का? आणि ते प्रेम प्रेक्षकांनी मनावर घ्यावं अशी सिनेमाची इच्छा आहे का? खरा निकाल या शेवटच्या रकान्यात लागतो, आणि भरायला अवघडही तोच.

‘क्रेझी रिच एशियन्स’ (२०१८) ने हा शेवटचा रकाना भरला. ‘द जॉय लक क्लब’ (१९९३) नंतर तब्बल २५ वर्षांनी मोठ्या हॉलिवूड स्टुडिओने आजच्या काळातली, बहुतांश आशियाई नटांची गोष्ट काढली आणि ती जगभर धो धो चालली. मीही थिएटरात खूश होऊन बघत होते. पण त्यात आपल्यासारखी दिसणारी माणसं कुठे आहेत? आजीच्या वाड्याच्या फाटकावर, बंदूक घेऊन पहाऱ्याला. तेव्हा तेवढं खटकलं आणि विसरले. पुढे हीच गोष्ट घराजवळ भेटायची होती.

घराजवळ म्हणजे मराठीत. मराठीतल्या गाजलेल्या रोमँटिक कॉमेडीचं नाव घ्या म्हटलं तर बहुतेक जण ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) म्हणतील. सिनेमा मला आवडतो, पण त्याच्या नावातच सगळा नकाशा आहे. आमच्या तिरोडा तालुक्यात घरी पोवारी, गोंडी, झाडीबोली, बाजारात हिंदी आणि शाळेत प्रमाण मराठी चालते. ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, ‘करतोय’ऐवजी ‘करून राहिला’. हे बोलणारा तरुण मुंबई-पुण्याच्या सिनेमात प्रेमात पडताना मला आठवत नाही. विदर्भाची बोली ऐकू येते ती टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात. भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी घराघरात पोचली, त्यांचं टायमिंग अफाट आहे आणि आमच्या घरीही लोक पोट धरून हसायचे. मात्र हॉस्टेलला पुण्याकडची मैत्रीण मला म्हणाली, "तू सीरियस बोलतेस तरी कॉमेडी वाटतं गं." तिचा हेतू वाईट नव्हता. त्या रात्री मी ‘ण’चा सराव केला होता, हे कबूल करते.

याला नुसता पूर्वग्रह म्हणून मोकळं होणं सोपं आहे. इतिहास बघितला की दोन ठोस कारणं दिसतात.

एक, मराठी सिनेमा कुठे घडला. प्रभात कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. तरी कोल्हापूर पुढची कित्येक दशकं भालजी पेंढारकर आणि जयप्रभा स्टुडिओमुळे चित्रनगरीच राहिलं. त्यामुळे सिनेमात ‘गावरान’ म्हणून जी भाषा रुळली ती कोल्हापूर-साताऱ्याकडची. पडद्यावरच्या खेड्यात ऊस आणि तालीम असते. धानाची बांधी आणि तलाव नसतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि त्यावर फार कमी लिहिलं जातं. सिनेमाचा धंदा राज्यांच्या सीमांनी चालत नाही, सर्किटांनी चालतो. विदर्भ १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात, पण वितरणाच्या नकाशावर तो ‘सी.पी. बेरार’ सर्किटमध्येच राहिला. नाव जुन्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडचं, आणि सोबत मध्य प्रदेश-छत्तीसगडचे भाग. मराठवाडा तसाच ‘निजाम’ सर्किटमध्ये. म्हणजे मुंबई सर्किटमधल्या मराठी निर्मात्यासाठी गोंदिया ही वेगळी विक्री, तीही हिंदी सिनेमाला सरावलेल्या बाजारात. जिथून पैसा नक्की परत येईल तिथल्याच माणसाला हिरो करायचं, हा हिशेब कुणी कागदावर मांडला नसेल, पण मांडावा लागतच नाही. हा माझा निष्कर्ष आहे, तो पुराव्यानिशी उभा करणं हे माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण.

हा हिशेब मोडणारेही झाले. दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ (१९७१) आठवा: बावळट दिसणारा, गावरान बोलणारा माणूसच नायक आणि नायिका त्याचीच. त्यांच्या द्वयर्थी संवादांवर एवढी चर्चा होते की हा बदल नजरेआड होतो. विनोदी पात्राला प्रेमाचा पूर्ण हक्क त्यांनी मिळवून दिला. पुढे ‘सैराट’ (२०१६) मध्ये करमाळ्याकडची बोली आली, आणि पूर्वार्धात तीच बोली हसवतेही आणि प्रेमातही पडते. हिंदीत त्याचा ‘धडक’ (२०१८) झाला तेव्हा गोष्ट उदयपूरला गेली, आणि जात पार पातळ झाली. हिंदीतला मराठी माणूस हा तर वेगळा प्रबंध होईल. सई परांजपे यांच्या ‘कथा’ (१९८३) मध्ये मुंबईची चाळ आहे, राजाराम जोशी आहे, प्रेमही आहे, पण भाषा हिंदी. माझ्या तक्त्यात एक रकाना भरतो आणि शेजारचा रिकामा राहतो.

इथे तलाव आठवला. झाडीबोलीतला प्रेमिक मला दिसला नव्हता. पण मी बघत कुठे होते? सिनेमात. आमच्याकडे दिवाळी झाली, धान घरात आलं की गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालतं. वडसा (देसाईगंज) इथल्या नाटक कंपन्या होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया पालथं घालतात. ही झाडीपट्टी रंगभूमी. २०२३ मध्ये गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. ५००० हून अधिक प्रयोग केलेले विनोदी नट. त्याआधी २०२२ मध्ये तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा सिनेमा याच रंगभूमीवर आला होता. लहानपणापासून मी आत्यासोबत घोंगडी घेऊन ही नाटकं बघितलीत, तरी सिनॉप्सिसमध्ये त्यांचा एक शब्द नव्हता. मोजणी करणारी मीच चुकीच्या काठाला उभी होते.

मग दोन हंगाम वही घेऊन मंडईत गेले. वाटलं होतं, इथे तरी आपला हिरो सापडेल. सापडला तो असा: नायक शुद्ध प्रमाण मराठीत प्रेम करतो, नायिकाही तशीच. झाडीबोली बोलतो तो विनोदी नट. टाळ्या त्याला सर्वांत जास्त, प्रेक्षक त्याचेच, पण लग्न लागतं दुसऱ्याचं. काही नाटकं याला अपवाद होती, पण मी पाहिलेल्यांत नेम हाच. फाटकावरचे ते पहारेकरी मला तेव्हा परत आठवले. बाहेर ठेवलेल्याला स्वतःचा मंच मिळाला, तरी रांग कशी लावायची ते तो आधीच शिकलेला असतो.

ही रांग जुनीही आहे. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि विदूषक, ब्राह्मण असूनही, प्राकृत. गंमत म्हणजे त्याच नाटकांत स्त्रिया गातात ती गीतं माहाराष्ट्री प्राकृतात. एके काळी प्रेमगीतासाठी खास राखलेली भाषा आपल्याच नावाची होती! पण म्हणून दोन हजार वर्षांची सरळ रेघ ओढू नका. दोन टोकं सारखी दिसली म्हणून मधली साखळी सिद्ध होत नाही. व्हायवात याच वाक्यावर धरतात.

आणखी एक, कामाचं. बोलीचा रकाना एकट्याने भरू नका. कुठलं वाक्य ‘प्रमाण’ आणि कुठलं ‘बोली’ हे माझे कान आणि पुण्याकडचे कान वेगळं ठरवतात. मी काही प्रवेश आमच्या भागातल्या एकीला आणि मुंबईच्या एकाला स्वतंत्रपणे नोंदवायला दिले. जिथे जुळलं नाही तिथे मला खरी माहिती मिळाली.

मागच्या हंगामातला एक प्रवेश अजून नीट नोंदवलेला नाही. नायक नायिकेच्या बापासमोर उभा, संवाद अगदी पुस्तकी. बापाने कानाखाली दिली आणि नायक तोल जाऊन झाडीबोलीत उसळला, दोनच वाक्यं. ठरवून की चुकून, कळलं नाही. मांडवात एक क्षण शांतता, मग शिट्ट्या. हसलं कुणीच नाही. आत्या म्हणाली, "आता बोलला पोरगा." पुढच्या वाक्याला तो परत प्रमाण मराठीत गेला. ती दोन वाक्यं कुठल्या रकान्यात टाकायची ते मला ठरवता येईना, म्हणून वहीच्या कडेला पेन्सिलने नवा रकाना आखला. त्याला अजून नाव दिलेलं नाही.