काचेवरचा चिखल आणि चालकाचा हात

१/ यवतमाळची कपाशीची काळी जमीन पावसात चिकट होते. पुढच्या ट्रकने उडवलेला हा चिखल कोरडा वायपर पुसत नाही, पसरवतो. म्हणून वायपरइतकाच पाण्याचा फवाराही महत्त्वाचा.

२/ १९०३ मध्ये अमेरिकेत मेरी अँडरसन यांना वायपरचे पेटंट मिळाले. त्यांचा वायपर आतल्या दांडीने, हाताने फिरवावा लागे. पुढे फवारा आला; तोही आरंभी अनेक गाड्यांत हातपंपाचाच. डॅशबोर्डवरचे बटण जितके दाबावे, तितके पाणी.

३/ फोक्सवॅगनने बीटलमध्ये वेगळी युक्ती योजली: जादा चाकातील हवेचा दाब पाणी ढकलू लागला. याच कंपनीचे इंजिन १९४९ च्या जर्मन टेम्पो मॅटॅडोर व्हॅनमध्ये होते. पुण्याच्या बजाज टेम्पोने पुढे हे नाव भारतात आणले आणि 'मॅटॅडोर' महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक झाली.

४/ विजेच्या पंपात छोटी मोटर पाणी ढकलते. बटणाचे काम केवळ वीजप्रवाह जोडण्याचे. जुन्या व्हॅनला तो बसवताना आधी बॅटरी पाहावी लागते. ६ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टचा पंप मंदावतो. फ्यूजही हवाच.

५/ जुन्या गाड्यांच्या जाणकारांना मूळ हातपंप प्रिय असतो, आणि तो इतिहासाचा पुरावा आहेच. परंतु समोरचे दिसेनासे होते, नेमका तेव्हाच तो चालकाचा हात वारंवार मागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. मूळ पंप काढून जपून ठेवता येतो. हुकलेले वळण परत मिळत नाही.