आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धा

भारतातील विद्यापीठांच्या संघांमध्ये दरवर्षी खेळली जाणारी क्रिकेटची अजिंक्यपद स्पर्धा. विजेत्या संघास मिळणाऱ्या करंडकावरून ती ‘रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा’ या नावाने प्रसिद्ध आहे. मुंबईचे अर्देशीर दादाभॉय बारिया यांनी आपला पुत्र रोहिंटन याच्या स्मरणार्थ हा करंडक दिला आणि १९३५–३६ च्या हंगामात स्पर्धेस प्रारंभ झाला. त्याच्या आदल्याच वर्षी रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली होती. प्रारंभी स्पर्धेची सूत्रे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे होती. १९४०–४१ पासून ती विद्यापीठांच्या स्वतःच्या क्रीडामंडळाकडे आली. हे मंडळ ज्या आंतरविद्यापीठ मंडळाच्या आधिपत्याखाली होते, त्याची स्थापना १९२५ मध्ये झाली असून १९७३ पासून ते भारतीय विद्यापीठ संघ या नावाने ओळखले जाते.

स्पर्धेचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी तत्कालीन क्रिकेटचे स्वरूप पाहिले पाहिजे. मुंबईत १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी सामने होत. त्यांत हिंदू, मुसलमान, पारशी, यूरोपीय व शेष अशी संघांची विभागणी असे. प्रेक्षकांची अलोट गर्दी याच सामन्यांना होई. विद्यापीठाच्या संघात मात्र खेळाडूचा धर्म विचारला जात नसे. तो कोणत्या महाविद्यालयाच्या पटावर आहे, एवढेच पाहिले जाई. जो तरुण डिसेंबरमध्ये आपल्या जमातीच्या संघातून खेळे, तोच त्याच हंगामात इतर धर्मांच्या सहाध्यायांबरोबर विद्यापीठाच्या संघात उभा राही. महात्मा गांधींनी १९४० मध्ये पंचरंगी सामन्यांना विरोध दर्शविला आणि १९४६ मध्ये ते बंद झाले. महाविद्यालयीन तरुणांपुरता हा प्रश्न करंडकाने त्याआधीच, कसलाही गाजावाजा न करता, सोडविला होता.

आरंभीच्या काळात लाहोरचे पंजाब विद्यापीठ व मुंबई विद्यापीठ हे प्रबळ प्रतिस्पर्धी होते. लाहोरच्या इस्लामिया महाविद्यालयातून पुढे आलेले अब्दुल हफीझ कारदार व फझल महमूद हे नंतर पाकिस्तानच्या संघाचे आधारस्तंभ ठरले. १९४७ च्या फाळणीने लाहोरचे विद्यापीठ स्पर्धेबाहेर गेले आणि तिच्यातील सर्वांत चुरशीची लढत संपुष्टात आली. त्यानंतर मुंबईचे वर्चस्व दीर्घकाळ टिकले.

या काळातील ठळक नाव पहलन रतनजी तथा पॉली उम्रीगर (२८ मार्च १९२६–७ नोव्हेंबर २००६) यांचे होय. त्यांचा जन्म सोलापूरचा. तथापि शालेय वयातच ते मुंबईस गेल्यामुळे त्यांचे महाविद्यालयीन क्रिकेट सर्वस्वी मुंबईचे आहे आणि सोलापूरकरांनी त्यांच्यावर सांगितलेला हक्क जन्मभूमीपुरताच मानावा लागतो. सेंट झेव्हिअर महाविद्यालयाचे हे विद्यार्थी १९४४ मध्ये पंचरंगी सामन्यांत पारशी संघाकडून खेळले. पुढे ते मुंबई विद्यापीठाच्या संघाचे कर्णधार झाले. ऑक्टोबर १९४८ मध्ये भारतात आलेल्या वेस्ट इंडीजविरुद्ध संयुक्त विद्यापीठ संघाकडून त्यांनी नाबाद ११५ धावा काढल्या. दोन महिन्यांच्या आतच, डिसेंबरमध्ये, त्यांना मुंबईच्या कसोटी सामन्यात स्थान मिळाले. विद्यापीठाच्या मैदानावरून कसोटी संघात इतक्या थेट वाटेने गेल्याची उदाहरणे थोडी आहेत. उम्रीगर ५९ कसोटी सामने खेळले व त्यांत त्यांनी ३,६३१ धावा केल्या. १९५५ मध्ये हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी काढलेल्या २२३ धावा हे भारतीय फलंदाजाचे कसोटीतील पहिले द्विशतक होय. पुढील पिढीत अजित वाडेकर यांची ३२४ धावांची व सुनील गावसकर यांची ३२७ धावांची खेळी या स्पर्धेत गाजली. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात वाडेकर कर्णधार होते, तर गावसकरांनी त्याच दौऱ्यात कसोटी पदार्पण केले.

भारतातील या स्पर्धांची रचना अमेरिकेतील महाविद्यालयीन स्पर्धांहून भिन्न आहे. तेथे सॉफ्टबॉलसारख्या खेळात काही संस्था एकत्र येऊन आपला गट बनवितात आणि गटाचे अजिंक्यपद मिळविणारा संघ राष्ट्रीय स्पर्धेस पात्र ठरतो. येथे संघ महाविद्यालयाचा नसून विद्यापीठाचा असतो आणि महाविद्यालयाने कोणाशी खेळावे, हे संलग्नतेवरून ठरते. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, त्यानंतर विभागीय व शेवटी आंतरविभागीय फेरी होते. महाराष्ट्रातील विद्यापीठे पश्चिम विभागात मोडतात. विभागांच्या निवडक संघांसाठी १९६६–६७ पासून विझी करंडक ठेवण्यात आला. विजयनगरमचे महाराजकुमार यांच्या स्मरणार्थ त्यास हे नाव दिले आहे.

संलग्नतेचे हे बंधन सोलापूरच्या बाबतीत विशेष जाणवते. तेथील दयानंद महाविद्यालय १९४० मध्ये निघाले, तेव्हा ते मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर जिल्ह्यातील महाविद्यालये पुण्याकडे गेली. १९६२ मध्ये ती कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे आली. १ ऑगस्ट २००४ रोजी एका जिल्ह्यापुरते सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले व २०१९ मध्ये त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. अशा रीतीने एकाच महाविद्यालयाचे खेळाडू पासष्ट वर्षांत चार विद्यापीठांच्या निवड चाचण्यांना सामोरे गेले. मुंबईच्या काळात मॅटिंगवर खेळून तयार झालेल्या मोफसल खेळाडूला शहरातील नामांकित क्लबांत वाढलेल्या खेळाडूंशी स्पर्धा करावी लागे आणि प्रवासाचा खर्चही त्याला जड जाई. कोल्हापूरच्या काळात अंतर कमी झाले, तरी चार-पाच जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून अकरांत येणे सोपे नव्हते. जिल्ह्याचे स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर संघात जागा मिळणे सुकर झाले, पण लहान क्षेत्रातून निवडलेल्या त्या संघाची विभागीय फेरीत पूर्वीच्या मोठ्या विद्यापीठांशी गाठ पडू लागली. खेळाडूंना संधी वाढली हे खरे. विजयाची शक्यता त्याच प्रमाणात वाढली, असे म्हणता येत नाही. सुविधांच्या दृष्टीने शहर मागे नाही. ‘पार्क’ या नावाने परिचित असलेल्या इंदिरा गांधी स्टेडियमवर रणजी सामने झाले आहेत.

भारतीय विद्यापीठ संघाच्या स्पर्धांत क्रिकेटखेरीज कबड्डी, खोखो, सॉफ्टबॉल इ. अनेक खेळांचा समावेश असून महिलांच्या स्पर्धा स्वतंत्रपणे होतात. सोलापूर जिल्ह्यातील किरण नवगिरे यांनी पुणे येथील विद्यापीठाकडून मैदानी खेळांत भाग घेतला आणि नंतर त्या क्रिकेटकडे वळल्या. एप्रिल २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना त्यांनी अरुणाचल प्रदेशविरुद्ध ७६ चेंडूंत १६२ धावा फटकावल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंग्लंडविरुद्ध त्यांची भारतीय संघात निवड झाली.